आरशामागची खोली

धरमतरच्या खाडीवरून रात्री वारा सुटला की आमच्या बारचा पत्रा अजून वाजतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्धे पत्रे उडून पलीकडच्या खारजमिनीत जाऊन पडले होते. त्यातले सात शोधून आणले, सरळ केले, पुन्हा ठोकले. तेव्हा मिस्टर होते. सप्टेंबरात ते गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाकटे दीर पडवीत येऊन बसले. "वैनी, आथा यो धंदा नको आपल्याला. गिऱ्हाईक बघतो, इकून टाक."

मी नाही म्हटलं नाही. मुदत मागितली, एवढंच. चौदा वर्षं पतपेढीत हिशोब लिहिलेली बाई मी. वही बघितल्याशिवाय काही विकायचं नाही, हे अंगात मुरलेलं.

आमचा बार म्हणजे ऑर्केस्ट्रा बार. पेणहून अलिबागकडे जाताना डाव्या हाताला. परमिट रूमचा परवाना वेगळा, ऑर्केस्ट्राचा वेगळा. छोटं स्टेज, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माईक धरलेल्या मुली. त्यातल्या दोघी-तिघी खरोखर गातात, बाकीच्या ओठ हलवतात आणि फर्माईश घेतात. खोटं कशाला बोलू, येणारा माणूस गाणं ऐकायलाच येतो असं नाही. नटलेली बाई समोर उभी आहे, आपल्याकडे बघून हसते, आपल्या नावाने गाणं म्हणते, त्याचे तो पैसे देतो. गिऱ्हाईक सगळं इकडचंच. जमिनीचे पैसे हातात आलेले, वीटभट्टीवाले, कंत्राटदार, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की नाखवे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडेही निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

लग्नानंतर सतरा वर्षांत मी बारमध्ये फक्त दिवसा गेले होते. दसऱ्याला पूजेला, नाहीतर वह्या आणायला.

वह्या तीन निघाल्या. दारूच्या साठ्याची वही चोख, ती तपासली जाते म्हणून. रोजच्या गल्ल्याची ठीकठाक. तिसरी लाल पुठ्ठ्याची, 'उचल' लिहिलेली. त्यात अकरा नावं होती, सगळी स्टेजवरची. एका पानावर पहिली नोंद, आईच्या ऑपरेशनसाठी चाळीस हजार. पुढे तीन वर्षं दर आठवड्याला कापत आणलेलं. आणि शेवटची बाकी बावन्न हजार. मी बेरीज तीनदा केली. बेरीज बरोबर होती. मधे मधे खाडे होते. एक दिवस आली नाही की खाडा, त्याचा दंड. ड्रेसचे पैसे, गाडीचे पैसे, मेकअपवाल्या बाईचे पैसे. कापलं जायचं त्यापेक्षा चढायचं जास्त. उचल फिटल्याशिवाय दुसऱ्या बारला जायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

मिस्टर वाईट नव्हते, हे मी बायको म्हणून सांगत नाही. याच बाईच्या आईला रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीतून पनवेलला नेणारे तेच होते. पण वहीही त्यांच्याच अक्षरातली.

मग ठरवलं, विकण्याआधी सगळ्यांना एकदा भेटायचं. बार ५ ऑक्टोबर २०२० पासून पन्नास टक्के गिऱ्हाइकावर उघडायची परवानगी मिळाली होती, गाणं-बजावणं अजून बंद होतं. दुपारी तीन वाजता नऊ जणी आल्या, कळंबोली आणि पनवेलकडून. मी चहा आणि खारी ठेवली होती. मेकअपशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. वहीतलं कुठलं नाव कुठल्या तोंडाचं, काही कळेना. एकीच्या मांडीवर लहान मूल होतं. एक माझ्याच वयाची, केसांत पांढरं दिसणारी, बाकीच्या तिला दीदी म्हणत होत्या.

मी लाल वही सगळ्यांसमोर ठेवली आणि म्हटलं, ही बाकी मी सोडली. कोणी काही देणं लागत नाही. मला वाटलं होतं, निदान एखादी रडेल.

कोणी काही बोललं नाही. मग दीदी म्हणाली, "वैनी, चांगलं केलंत. पण जूनमध्ये पोराची फी भरायची, तेव्हा कोणाकडे मागायचं?"

मला उत्तर सुचेना. उचल हा फास होता, पण त्यांना कर्ज देणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. घरभाड्याची पावती नाही, पगाराची चिठ्ठी नाही, त्यांना बँक कशी उभी करणार? मी स्वतः पतपेढीत किती जणींचे अर्ज 'उत्पन्नाचा पुरावा नाही' म्हणून मागे ठेवले होते. एका संध्याकाळीत पुण्य पदरात पाडून घ्यायचा माझा बेत चहा गार व्हायच्या आत आटोपला.

बार विकायचा नाही, हे मात्र त्याच दिवशी पक्कं झालं. मी विकला असता तर घेणाऱ्याने पहिल्यांदा ती वहीच मागितली असती.

परवाना वारस म्हणून नावावर करायला किती खेपा झाल्या ते लिहीत बसत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, ना-हरकत, फोटो. एका कार्यालयात एका गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाईच्या नावावर? हा बार?" मी म्हटलं, आत स्टेजवर सगळ्या बायाच आहेत, बाहेर पाटीवर एक असू दे.

हा बार पूर्वी डान्सबार होता. ऑगस्ट २००५ मध्ये राज्याने नाच बंद केला तेव्हा मिस्टरांनी स्टेजवर कीबोर्ड आणून ठेवला. त्या वेळी राज्यभरात ७५ हजार मुलींचं काम गेलं असं बोललं जाई. तीन तारे आणि वरच्या हॉटेलांना मात्र बंदी लागू नव्हती. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम केलं, मग नवा कायदा, मग २०१६ चा आणखी एक. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली आणि हातात टीप द्यायला मोकळीक दिली. आत सीसीटीव्ही लावायची सक्ती काढली, खासगीपणाला बाध येतो म्हणून. कामाचा लेखी करार आणि मोबदला बँकेत, हे ठेवलं. आमच्याकडे नाच नाही, म्हणजे तो कायदा आम्हाला तसाच्या तसा लागू होत नाही. तरी मी तो निकाल आमच्या वकिलाकडून समजून घेतला आणि त्यातल्या तीन गोष्टी उचलल्या. नोटा उधळायच्या नाहीत, करार लेखी, पैसे खात्यात.

खाती उघडायला महिना गेला. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' असा रकाना असतो. दीदीने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, गायिका. तिने ते सावकाश लिहिलं, मग माझ्याकडे बघून हसली. "मला सूर नाही वैनी, माहितेय ना?" ती ओठ हलवणाऱ्यांतली. तरी गायिकाच लिहिलं.

उचल बंद केली नाही, बदलली. जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या पगाराएवढी, कागदावर, व्याज नाही, खाडा नाही, आणि काम सोडून गेली तरी बाकी हप्त्याने द्यायची. दोघी बाकी न देता गेल्या. पतपेढीत याहून मोठी माणसं याहून मोठ्या रकमा बुडवून गेलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे झोप उडाली नाही.

आता टीप. या धंद्यातला खरा पैसा तिथे असतो आणि खरी चोरीही तिथेच. पूर्वी गिऱ्हाईक पाचशेच्या नोटा स्टीवर्डला द्यायचं, तो दहा-दहाची बंडलं आणायचा, त्यातच थोडा हात मारायचा. मग नोटा उडायच्या, पोरं खाली वाकून गोळा करायची, तिथे आणखी थोडा. रात्री काउंटरमागे मोजणी व्हायची आणि मुलीला फक्त आकडा ऐकू यायचा. तुझे आज सातशे. त्यातले चाळीस टक्के बारचे.

मी पेणच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या आणल्या, लोणच्याच्या असतात तशा. झाकणाला चीर पाडली, वर चिकटपट्टीवर नाव. प्रत्येकीची बरणी स्टेजच्या कठड्यावर, तिच्या डोळ्यांसमोर. बंद झाल्यावर ती स्वतः उघडते, दोनदा मोजते, कागदावर आकडा, तिची सही, माझी सही. बारचा हिस्सा वीस टक्के. तो तरी का, असं एकीने विचारलं. बरोबर विचारलं. गाडी आणि वाजवणारे यांचा खर्च त्यातून जातो, तो कागद मी भिंतीवर लावला.

मोबाइलवरून पैसे द्यायची पद्धत आली तेव्हा वाटलं, सुटलो. प्रत्येकीचा क्यूआर वेगळा छापून घेतला. दुसऱ्याच रात्री एका नाखव्याने पैसे पाठवले आणि मोठ्याने स्क्रीन वाचली. मुलीचं खरं नाव, आडनावासकट. ती माईक खाली ठेवून मेकअप रूममध्ये निघून गेली. स्टेजवरचं नाव हीच या मुलींची भिंत असते, आणि मी ती क्यूआर लावून पाडली होती. त्याच रात्री सगळे फाडले. आता एकच क्यूआर, बारच्या नावाचा. कोणासाठी दिले ते वेटर चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी बरणीत टाकतो.

अशा चुका मी बऱ्याच केल्या, आणि बहुतेक सगळ्या न विचारता केल्या. फोन नंबरचंच घ्या. मी नियम काढला, गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा नाही. मला वाटलं, किती चांगला नियम. पंधरा दिवसांत एक चांगली गाणारी मुलगी सोडून गेली. जाताना म्हणाली, "वैनी, चार माणसं माझ्या फोनवर येतात, माझ्यासाठी बसतात. फोनवर मी फक्त 'आज या' म्हणते. तुमची नीती माझ्या बरणीतून जाते." मी रागावले होते. रात्री घरी येऊन विचार केला तेव्हा तिचंच बरोबर वाटलं. नियम बदलला. नंबर द्यायचा की नाही ते जिचं तिने ठरवावं. बारमधल्या दुसऱ्या कोणी कोणाचा नंबर दिला तर त्याचं काम गेलं. ती मुलगी काही परत आली नाही.

गाडीचंही तसंच. बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे आणि दारापर्यंत सोडायची सोय पाहिजे, असं दुकाने-आस्थापनांचा २०१७ चा कायदा सांगतो. मी ईको भाड्याने लावली, ड्रायव्हरला बजावलं, अगदी दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी सगळ्या एकदम म्हणाल्या, दारापर्यंत नको. पहाटे दोनला दारात गाडी थांबली की चाळीतले दिवे लागतात. एकीने शेजाऱ्यांना हॉस्पिटलात आया आहे म्हणून सांगितलेलं. मग मधला मार्ग निघाला. गाडी कोपऱ्यावर थांबते, मुलगी चालत जाते, घरात शिरून मिस्ड कॉल देते, तोवर ड्रायव्हर हेडलाइट चालू ठेवून उभा. कायद्याच्या शब्दात हे बसत नसेल कदाचित. त्या सुखरूप पोचतात.

आता खोलीचं सांगते.

मेकअप रूममध्ये एका भिंतीला मोठा आरसा होता, सहा फुटांचा, कडेने बल्ब लावलेला. ऑर्केस्ट्राच्या परवान्यात अट होती, स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष. बारला मुली जास्त हव्यात, कारण गिऱ्हाईक मुली बघून आत शिरतं. म्हणून आठ-नऊ ठेवायच्या, आणि तपासणी आली की चार स्टेजवर आणि बाकीच्या आरशामागे. हे मला माहीतच नव्हतं. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, चारच ठेवू आणि पाळी लावू, कोणी लपायचं नाही. दीदी म्हणाली, म्हणजे मग ती खोली नको ना आता? मी विचारलं, कुठली?

तिने आरशाच्या डाव्या कडेला हात घालून खिट्टी ओढली. आरसा दारासारखा उघडला. आत साडेतीन फूट रुंद, सात फूट लांब जागा, खिडकी नाही. एक टेबलफॅन, दोन रिकाम्या बाटल्या, दात पडलेला कंगवा. मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकला तर तिथे काजळाच्या पेन्सिलीने फुली-गोळ्याचे डाव मांडलेले. वीस-पंचवीस असतील. एकावर एक, कोपऱ्यापर्यंत. दीदी म्हणाली, मे महिन्यात एकदा पाच जणी पावणेदोन तास होतो. पंखा बंद ठेवायला सांगायचे, आवाज बाहेर जातो म्हणून. "मग काय करणार? खेळायचो."

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. आरसा काढून समोरच्या भिंतीवर लावला, मधली भिंत पाडली. त्या जागेत आता संडास आहे, आतून कडी लागणारा. त्याआधी मुलींना गिऱ्हाइकांच्याच संडासात जावं लागायचं, दारावर वेटर उभा करून. सतरा वर्षं माझं घर ज्या बारवर चाललं, तिथे बायकांना संडास नव्हता.

चारच्या अटीने मुलींच्या रात्री कमी झाल्या, हेही सांगायला हवं. पाळी म्हणजे आठवड्याला तीन-चार दिवसच काम. कोणी कुरकुर केली, कोणी दुसरीकडे गेली, जिथे आरसे अजून होते. मग १८ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ही बाई-पुरुषांची वाटणी रद्द केली. एकूण आठ ही मर्यादा ठेवली, त्यात बायका किती आणि पुरुष किती ते बारने ठरवावं. बातमी मला दीदीनेच फोनवर वाचून दाखवली. तेव्हापासून आमच्याकडे सहा मुली आणि दोन वाजवणारे. लपवायला कोणी उरलंच नाही. आणि हा बदल कुठल्या चांगल्या मालकिणीने केला नाही, एका बारवाल्याने धंद्यासाठी लढवलेल्या खटल्याने केला, हे मी स्वतःला अधूनमधून सांगत असते.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. आम्ही एकोणीस. बारमध्ये समिती, यावर वकीलही हसले. अध्यक्ष बाईच हवी आणि कामावरचीच, मालकीण चालत नाही. दीदी झाली. बाहेरची एक बाई लागते, ती पनवेलच्या एका संस्थेतून आली. पहिली बैठक स्वयंपाकघरात, कारण हॉल धुवायला घेतला होता. मला वाटलं होतं तक्रारी गिऱ्हाइकांच्या येतील. पहिलीच आली आमच्या जुन्या स्टीवर्डची. मिस्टरांचा उजवा हात, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरवलेला माणूस. मुलगी गाडीत बसताना तो रोज हात धरायचा. 'आधार देतो' म्हणायचा. त्याला काढला. त्याची बायको घरी येऊन मला शिव्या देऊन गेली, मी ऐकून घेतल्या.

पोलिसांची तपासणी अजून येते. एकदा आले तेव्हा सहा मुली स्टेजवर, करार आणि वयाचे दाखले फाइलीत. मोजलं, बघितलं, काही निघालं नाही. तरी त्यांच्यातल्या एकाने मुलींना रांगेत उभं करून मोबाइलवर चित्रण केलं. मी म्हटलं, चेहरे नका घेऊ. "मॅडम, आता तुम्ही शिकवणार का?" दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्या दिवसाचा पगार मी दिला, एवढंच माझ्या हातात होतं.

गावात कोणी माझ्याशी वाकडं बोलत नाही. सप्त्याची वर्गणी मागायला पहिल्यांदा माझ्याकडेच येतात आणि पावती मात्र मिस्टरांच्या नावाने फाडतात. मुलीला कॉलेजात कोणीतरी काहीतरी म्हणालं. तिने मला विचारलं, आई तू नक्की काय करतेस? मी तिला एका रात्री मोजणीला घेऊन गेले. ती एका कोपऱ्यात बसून बघत राहिली. घरी येताना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र संगणकावर टीपेचा तक्ता करून दिला.

एक गोष्ट मला जमलेली नाही. एका दुपारी एक बाई आली, कापडी पिशवी घेऊन, घामाघूम. नवऱ्याचं नाव सांगून म्हणाली, जमिनीचे पैसे आलेत, तो इथे किती घालवतो तेवढं सांगा. मला माहीत होतं. माझ्याकडे तारखेवार होतं. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, त्याला इथे उधारी मिळणार नाही आणि दोन पेगांपेक्षा जास्त मिळणार नाही. तिने पुन्हा विचारलं, किती? मी सांगितलं नाही. गिऱ्हाइकाचा हिशोब बाहेर सांगायचा नाही, हे पतपेढीतलं वळण. तो माणूस आठवडाभरात पुढच्या बारला जायला लागला. ती परत आली नाही. तिची पिशवी मला अजून दिसते, निळी, मुलाच्या शाळेच्या जुन्या पँटची शिवलेली.

काल रात्री पाऊस होता, होड्या बंद, चारच टेबलं. बरण्या तळाशी. एका नव्या मुलीची मोजणी मी कंटाळून एकदाच केली आणि आकडा लिहिला, चारशे ऐंशी. तिने पैसे पुढ्यात ओढून पुन्हा मोजले. पाचशे तीस. पन्नासची नोट ओल्या नोटेला चिकटली होती. तिने कागद माझ्याकडे सरकवला. मी जुना आकडा खोडून नवा लिहिला. खाडाखोडीपाशी तिची पुन्हा सही घ्यायला विसरले होते, तेही तिनेच दाखवलं.